अडचण इंग्रजीची नाही, कागदांची
काही जण म्हणतात, इंग्रजी आलं की अफगाण लोक अमेरिकेत आपोआप रुळतील. पटलं नाही. अमेरिकी फौजेबरोबर दुभाषे म्हणून वर्षानुवर्षं राबलेल्यांना इंग्रजी येतच होतं की! त्यांचं घोडं अडलंय ते कागदांवर. ऑगस्ट २०२१मध्ये काबूल पडल्यावर ७० हजारांहून जास्त अफगाण अमेरिकेत आणले गेले, त्यातले बहुतेक 'मानवतावादी पॅरोल'वर, म्हणजे दोन वर्षांच्या तात्पुरत्या मुभेवर. त्यांना कायमच्या वास्तव्याची वाट करून देणारं विधेयक २०२२मध्ये मांडलं गेलं आणि तिथेच रखडलं. (व्हिएतनाममधून आलेल्यांसाठी १९७७मध्ये असा कायदा झाला होता, हे विशेष.) २०२५मध्ये तर अफगाणांना हद्दपारीपासून दिलेलं तात्पुरतं संरक्षणही काढून घेतलं. उद्या इथे असू की नाही हेच माहीत नसलेल्या माणसानं रुळायचं कशात?

तेव्हा आलेल्यांना पुनर्वसन संस्थांची सुरुवातीची मदत होती साधारण ९० दिवसांची. तेवढ्यात घर, नोकरी, मुलांची शाळा. काबूलमध्ये डॉक्टर असलेल्याला इथे सहसा परवाना परीक्षा आणि पुन्हा रेसिडेन्सी (रुग्णालयातलं काही वर्षांचं प्रशिक्षण) करावी लागते, तोवर टॅक्सी किंवा गोदामातलं काम. घरातल्या बाईला गाडी येत नसेल तर तिचा इंग्रजीचा वर्गही बुडतो, कारण बऱ्याच गावांत बसच नाही.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट शहरातली 'लिटल काबूल' ही अफगाण वस्ती पाहून मत बनवू नका. तिथली जुनी मंडळी सोव्हिएत आक्रमणानंतर, १९८०च्या दशकात आली. त्यांना स्थिरावायला चार दशकं मिळाली.