शब्दचर्चा : रंगांधळा, रंगांध की वर्णांध? आणि ‘वाहक’ कोण?

तापीकाठ :
नेत्रतपासणीचं माहितीपत्रक जळगाव-नंदुरबारकडच्या गावांत वाटायचं आहे. रंगांधळेपणा, रंगांधत्व, वर्णांधता, यांतला कोणता शब्द घ्यावा? बापाला नीट दिसतं, मग पोराला हे कुठून आलं, याचंही उत्तर त्यात हवं.

पांझरा :
‘रंगांधळा’च घ्या. घडण ‘रातांधळा’सारखी आहे, रात्री आंधळा तो रातांधळा. ‘रंगांध’ मात्र मदांध, धर्मांध यांच्या रांगेत जाऊन बसतो. मदाने आंधळा तो मदांध, तसा रंगाने आंधळा झालेला, असा भलताच अर्थ निघतो. ‘वर्ण’ म्हणजे रंग, अक्षर आणि जातसुद्धा, वाचणारा अडखळतो. शिवाय अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळ्याचा डोया तसा आंधळ्याचा आंधया. त्यामुळे ‘रंगांधळा’ ऐकताच कळतो. वर्णांधतेला बोलीत असा धागाच नाही.

मिरचीपथारी :
शब्द मान्य, पण खाली व्याख्या हवीच. ‘आंधळा’ म्हटलं की सगळं काळं-पांढरं दिसत असेल असं वाटतं. तसं फार क्वचित असतं. बहुतेकांना रंग दिसतात, पण लाल-हिरव्यासारखे काही रंग एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. झाडावर हिरव्या पानांत पिकलेली लाल मिरची पटकन नजरेत भरत नाही, ती आकारावरून शोधावी लागते. लाल शंकुपेशींचं (डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशींचं) काम बंद असेल तर गडद लाल काळपटच दिसतो.

आणि मुलाला ‘हा रंग कोणता?’ विचारून परीक्षा घेऊ नका. पान हिरवं असतं हे त्याला पाठ असतं. इशिहारा पट्ट्यांत म्हणूनच ठिपक्यांतला आकडा विचारतात. पट्टी ७५ सेंटिमीटरवर, दिवसाच्या उजेडात, उत्तराला साधारण ३ सेकंद. मोबाइलवर पाहून निकाल देऊ नये, पडद्याच्या पिवळसर छटेने पट्टीचे रंगच बदलतात.

पांझरा :
आता ‘वाहक’. एसटीमुळे हा शब्द सगळ्यांच्या ओळखीचा, आणि सातपुड्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीमुळे त्याचा दुसरा अर्थही माहीत आहे : स्वतःला आजार नसताना त्याचं सदोष जनुक मुलांकडे देऊ शकणारी व्यक्ती. घोटाळा तिथेच होतो. सिकलसेलचं जनुक ११ व्या गुणसूत्रावर असतं, म्हणून वाहक आई असेल तसा बापही असतो. लाल-हिरव्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. पुरुषाकडे एक्स एकच. त्यावर दोष असला की तो दिसणारच. म्हणजे या रंगांधळेपणात बाप ‘वाहक’ असूच शकत नाही. बाईकडे दोन एक्स, एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो.

मुलाला बापाकडून वाय मिळतो, एक्स आईकडूनच. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला दोष येण्याची शक्यता निम्मी. रंगांधळ्या बापाच्या सगळ्या मुली वाहक होतात, मुलांना मात्र त्याच्याकडून काही जात नाही. मुलगीच रंगांधळी निघाली, तर बाप रंगांधळा आणि आई निदान वाहक असणार.

तापीकाठ :
आकड्यांत कसं सांगू?

पांझरा :
युरोपीय वंशाच्या लोकांत पुरुषांत सुमारे ८ टक्के आढळतो. शंभर एक्समध्ये ८ सदोष धरले, तर दोन्ही एक्स सदोष असलेल्या स्त्रिया ०.०८ गुणिले ०.०८, म्हणजे दहा हजारांत ६४. प्रत्यक्षात त्याहून थोड्या कमी, सुमारे अर्धा टक्का. कारण एका एक्सवर लाल जनुकाचा दोष आणि दुसऱ्यावर हिरव्याचा असेल तर दृष्टी बहुधा नीटच राहते. हे आकडे ‘खानदेशचे’ म्हणून छापू नका.

मिरचीपथारी :
निळ्या-पिवळ्याचा दोष या हिशेबात धरू नका. तो ७ व्या गुणसूत्रावरचा, स्त्री-पुरुषांत सारखाच. आणि मोठेपणी एकाच डोळ्याचे रंग फिके पडू लागले, किंवा क्षयावरच्या इथॅम्ब्युटॉलच्या गोळ्या चालू असताना रंग ओळखण्यात फरक जाणवला, तर तो जन्मजात रंगांधळेपणा नव्हे. ताबडतोब डॉक्टरांना सांगायचं, असं ठळक अक्षरात लिहा.

तापीकाठ :
मग वाक्य असं घेतो : ‘लाल-हिरवा रंगांधळेपणा अनुवांशिक असून मुलाकडे आईकडून येतो, आईला स्वतःला बहुधा तो नसतो.’

पांझरा :
वाक्य नेमकं आहे. फक्त ‘अनुवांशिक’ नको, ‘आनुवंशिक’ करा.