घरच्यापुरती ज्वारी पेरावी का सगळं सोयाबीनच ठेवावं?

औसेकर:
राम राम मंडळी. आमचं 6 एकर कोरडवाहू, आठ-दहा वर्षं झाली सोयाबीन अन् मागून हरभरा, खायला ज्वारी दुकानातून किलोनं आणायलोत. रेशनवर माणशी 5 किलो गहू-तांदूळ फुकट मिळतेत, त्याचा आधार आहेच, पण आईला भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. तिनं 72चा दुष्काळ काढलाय, खडी फोडायच्या कामावर सुकडी अन् घरी अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन, त्यामुळं घरात पोती नसली की तिला झोप लागत नाही. पुढच्या रब्बीला दीड एकर ज्वारी पेरावी म्हणतो, जमंल का?

भूमचा शेतकरी:
दादा, पाखरांचं आधी बघा. पहिलं सगळ्या शिवारात ज्वारी असायची, पाखरं खाऊन खाऊन किती खाणार, आता गावात एकट्याचीच असली की सगळी तुमच्याच रानात उतरतेत. मी महिनाभर गोफण घेऊन बसलो तरी अर्धं कणीस रिकामं. वरून काढणीला माणसं मिळंनात, सोयाबीनसारखं मशीन घातलं अन् झालं असं नाही त्याचं.

माजलगाव:
भूमवाल्या भाऊंचं पटतंय पण कडबा कुणी धरलाच नाही हिशोबात. दोन म्हशी असतील तर कडब्यातच खर्च निघतो. 2024-25चा हमीभाव बघितला तर मालदांडी ज्वारी क्विंटलला 3421 रुपये अन् सोयाबीन 4892, कागदावर सोयाबीन भारी, पण आम्ही त्याच्या खालीच विकलं, अन् खायची ज्वारी मात्र दुकानदार सांगंल त्या भावानं घेतली. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यात 1 रुपया किलोनं भरडधान्य लिहिलेलं होतं, आमच्या रेशनला ज्वारीचा दाणा आलेला मला आठवत नाही. मग घरची नको का?

परभणीहून:
सोयाबीनच्या रानात पेरू नका, ते निघंस्तोवर ओल उडून जाती. खरिपात तेवढ्या तुकड्यात मूग-उडीद घ्या, रान लवकर मोकळं होतंय, मग सप्टेंबरच्या शेवटी पेरा. भारी काळी जमीन असली तर परभणी मोती वाण, मध्यम असली तर मालदांडी. अन् बांधाला बांध लागून दोघातिघांनी मिळून पेरा, पाखरं वाटून जातेत.

औसेकर:
शेजारच्या चुलत्याला विचारलं, ते एक एकर पेरतो म्हणाले. आई म्हणती राखणीला मी बसते. माझं मूग-उडदाचं बी बघायचं राहिलंय.