ईएल शीटलाच टच सेन्सर करतोय, चालू केली की सगळं बोंबलतं! मदत हवी आहे

टच_मी_नॉट: मंडळी जरा लवकर सांगा, परवा दाखवायचंय. एकाच ईएल (इलेक्ट्रोल्युमिनेसंट, म्हणजे एसी वीज दिली की उजळणाऱ्या पातळ) शीटने उजेडही द्यायचा आणि हात लावलेलाही कळला पाहिजे, वेगळा सेन्सर चिकटवायचा नाहीये. शीट बंद असताना टच झकास ओळखतो, चालू केली की रीडिंग नाचायला लागतं, बोट लावा नाहीतर नका लावू, सारखंच. कोड तपासलाय, बरोबर आहे. काय करू?

सोल्डरदादा: कोडचं कोणी विचारलं? शीट केवढी, इन्व्हर्टर (बॅटरीच्या डीसीचा एसी करणारा) किती व्होल्टचा, किती हर्ट्झचा, टचची वायर नक्की कुठे जोडलीये?

रंगीत_दिवा: ईएल सोडून द्या राव. साधा एलईडी उलटा जोडा, क्षणभर चार्ज करा, कंट्रोलर चिपची पिन इनपुट करा आणि व्होल्टेज उतरायला किती वेळ लागतो ते मोजा. उजेड जास्त तर लवकर उतरतं. दिवा तोच, सेन्सरही तोच. मी याच्यावर अख्खा मॅट्रिक्स केलाय, बोटाची सावलीसुद्धा पकडतो.

जुनाच_मी: दिवाशेठ, त्याला एलईडी नकोच आहे. ईएलमध्ये एलईडीसारखं एकाच दिशेने वीज सोडणारं पी-एन जंक्शनच नसतं, तांबं नाहीतर मँगनीज घातलेल्या झिंक सल्फाइडची पूड असते, दोन्ही बाजूंनी सारखीच. उलटं काय नि सुलटं काय? फ्रेंच शास्त्रज्ञ देस्त्रियोने 1936 साली अशाच पुडीतून उजेड काढला तो एसी लावून.

रंगीत_दिवा: मी पर्याय सुचवला, इतिहास नाही विचारला.

टच_मी_नॉट: भांडू नका हो. शीट तळहाताएवढी. इन्व्हर्टर बॅटरीवरचा छोटा, व्होल्ट लिहिलेले नाहीत. टचची वायर शीटच्याच एका टोकाला आहे, अजून कुठे असणार?

सोल्डरदादा: थेट? मायक्रोकंट्रोलरच्या पिनला? अरे त्या टोकावर शंभरच्या आसपास व्होल्ट एसी असतो! बोर्ड जिवंत आहे?

टच_मी_नॉट: हा तिसरा बोर्ड आहे. सांगितलं नाही कारण तो मुद्दा नाहीये.

सोल्डरदादा: 🤦 तोच मुद्दा आहे. आणि बंद असताना म्हणजे इन्व्हर्टरच्या वायरी काढून ना?

टच_मी_नॉट: हो, अर्थात.

सोल्डरदादा: मग झालं की. ईएल शीट म्हणजे मुळात कपॅसिटरच (चार्ज साठवणारा), पुढे पारदर्शक इलेक्ट्रोड, मग फॉस्फर (तीच उजळणारी पूड), मग डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारा थर), मग मागचा इलेक्ट्रोड. वायरी काढल्या की मागचा इलेक्ट्रोड कशालाच न जोडता लटकत राहतो म्हणून बोट कळतं. वायरी जोडल्या की शीटची स्वतःची नॅनोफॅरडमधली कपॅसिटन्स मध्ये येते, आणि बोटाने पडणारा फरक काही पिकोफॅरडचा (पिको म्हणजे नॅनोचा हजारावा भाग). लग्नाच्या मांडवात कुजबूज ऐकण्यातला प्रकार! पुढचा इलेक्ट्रोड ग्राउंड कर, त्याच्यावर इन्सुलेशन ठेवून पारदर्शक कंडक्टिव्ह फिल्म लाव आणि टच तिच्यावर घे.

गृहकृत्यदक्ष: फ्रिक्वेन्सी वाढवली की उजेड वाढतो पण फॉस्फर लवकर म्हातारा होतो, आणि कडा नीट सील करा, ओलाव्याने शीटवर काळे डाग पडतात.

सोल्डरदादा: हे कोणी विचारलं होतं?

गृहकृत्यदक्ष: पुढे विचारतीलच.

टच_मी_नॉट: फिल्म म्हणजे वेगळा सेन्सरच झाला ना. पहिल्याच ओळीत लिहिलंय नको म्हणून.

चांदणी: मग समोरासमोर इलेक्ट्रोडवाली शीट घेऊच नकोस. दोन्ही इलेक्ट्रोड एकाच पातळीवर कर, कंगव्याचे दात एकमेकांत अडकवल्यासारखे, वरून डायइलेक्ट्रिक आणि फॉस्फर. एरवी शीट जवळजवळ अंधारी राहते. वर पाण्याचा थेंब किंवा बोट आलं की ते दोन दातांमधला पूल होतं आणि तेवढीच जागा उजळते. म्हणजे जिथे स्पर्श, तिथेच दिवा. मी ओल्या ब्रशने रेघा काढून बघितल्यात, मजा येते.

जुनाच_मी: बोटाखालीच उजेड पडला तर दिसणार कोणाला?

चांदणी: कडेने दिसतो, आणि इलेक्ट्रोड पारदर्शक घेतले तर खालून पूर्ण दिसतो. शिवाय त्याला उजेड आधीपासून हवाय की हात लावल्यावर, हे अजून कोणी विचारलेलंच नाही!

टच_मी_नॉट: हात लावल्यावर आला तरी चालतंय की!! आधी का नाही बोललात?

सोल्डरदादा: तू आधी का नाही लिहिलंस?

चांदणी: वरच्या थरात एकही भोक ठेवू नकोस, नाहीतर ओल्या बोटाला झटका बसेल. आणि पिनला थेट काही जोडू नकोस या वेळी.

टच_मी_नॉट: सिल्व्हर पेस्टने कंगवा काढला, फॉस्फर लावला. अर्धा भाग थेंब टाकला की मस्त हिरवा उजळतो, उरलेला अर्धा मेलेला आणि इन्व्हर्टर किंकाळतोय.

चांदणी: दोन दात चिकटले असतील. बॅटरी काढ, मीटर लाव, एका टोकापासून बघत जा.

टच_मी_नॉट: मीटर भावाने नेलाय.