उठल्याबरोबर पलंग आवरावा की अंथरूण तासभर उघडं ठेवावं? (पावसाळा, कापसाची गादी)

ओसरी
ठाणे, दुसरा मजला. बेडरूमची खिडकी डक्टकडे, ऊन येत नाही. पलंगाच्या पोटात सामानाचा कप्पा, वर सलग प्लाय आणि त्यावर साधारण 12 किलोची कापसाची गादी. पलंग भिंतीला टेकलेला. सकाळी सहाला चादर झटकून लगेच वर जाड पलंगपोस घालायची घरात पद्धत आहे. जुलैपासून गादीला कुबट वास येतोय आणि घरात एकाला सकाळी शिंकांची माळ लागते. अंथरूण थोडा वेळ उघडं ठेवल्यानं फरक पडेल का? की बाहेरच 90 टक्के आर्द्रता असताना उघडं ठेवून काही उपयोग नाही?

तलम
उपयोग आहे, पण मर्यादित. तो नेमका कुठे होतो ते कळलं की बाकीचं आपोआप ठरतं.

घाम फुटला नाही तरी त्वचेवाटे दिवसाला तीन-चारशे मिली पाणी जातं. त्यातला झोपेतला वाटा गादी, उशी आणि पांघरूण पितं. वर कापूस मुळातच पाणी धरणारा. 65 टक्के आर्द्रतेला तो वजनाच्या 8 टक्क्यांच्या आसपास पाणी धरतो, 90 टक्क्यांना 13-14. म्हणजे तुमच्या गादीत कोरड्या दिवसांपेक्षा अर्धा लिटरहून जास्त पाणी नुसत्या हवेमुळेच असणार. ते उघडं ठेवून जाणार नाही, ते ऑक्टोबरच्या उन्हाचंच काम.

रात्रीची भर मात्र काढता येते. उठता त्या वेळी गादी अंगाच्या उबेनं खोलीपेक्षा पाच-सहा अंश गरम असते आणि ती गरम आहे तोवर हवा दमट असली तरी वाफ बाहेर पडते. हा वेळ पाऊण तास, फार तर तास. नेमकं तेव्हाच जाड पलंगपोस घातलं तर वाफ आत अडकते, गार होते आणि परत कापसात मुरते. म्हणून उठल्यावर पांघरूण पूर्ण काढून खुर्चीच्या पाठीवर पसरायचं, चादर पायथ्यापर्यंत दुमडायची, उशा उभ्या करायच्या आणि पंखा पूर्ण वेगानं लावायचा. पंखा नसेल तर गादीला लागून दमट हवेचा थर तसाच बसून राहतो. एसी असेल तर दार लावून तासभर ड्राय मोड, त्याचा परिणाम पंख्यापेक्षा बराच जास्त. तासानंतर उघडं ठेवण्यात काही मिळत नाही, वर धूळ बसते. मग पातळ सुती चादर घाला. मखमली किंवा सिंथेटिक पलंगपोस सप्टेंबरपर्यंत कपाटात राहू द्या.

जमिनीवर गाद्या घालणाऱ्यांनी तर सकाळी लगेच वळकटी करून चवड लावूच नये. फरशी गार असते, त्यामुळे ओल खालच्या बाजूला जमते आणि वळकटीत ती दिवसभर कोंडून राहते. गादी भिंतीशी तिरकी उभी करा, खालची बाजू पंख्याकडे.

श्वास
शिंकांबद्दल वेगळं लिहिते, कारण वास आणि शिंका यांची कारणं बहुतेक वेळा वेगळी असतात.

अंथरूण न आवरल्यानं गादीतले सूक्ष्म कीटक मरतात, हे 2005 साली इंग्लंडच्या किंग्स्टन विद्यापीठातल्या कामावरून पसरलं. ते संगणकावरच्या गणिती प्रारूपावर उभं होतं, तेही तिकडच्या घरांच्या. हे कीटक पाणी पीत नाहीत, हवेतली ओल शोषून जगतात, त्यामुळे आर्द्रता बराच काळ 50 टक्क्यांच्या खाली राहिली तर ते सुकून मरतात. नागपुरात एप्रिल-मेमध्ये हवा आपोआपच तशी असते. ठाण्यात जुलैमध्ये खोली 80 टक्क्यांवर असते, तिथे सकाळचा एक तास त्यांना काहीच करत नाही. उघडं ठेवा, पण ते बुरशी आणि वासासाठी.

शिंका येतात त्या मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनामुळे. यावर दोन गोष्टी खरोखर चालतात. चादरी, अभ्रे आणि आतलं सुती पांघरूण आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात धुणं. गार पाण्यानं ते प्रथिन बरंचसं निघून जातं, कीटक मात्र बहुतांश जिवंत राहतात. दुसरं म्हणजे गादीला आणि उशांना पूर्ण बंद होणारी चेनची खोळ, विणीची छिद्रं 10 मायक्रॉनहून बारीक. नुसतं वॉटरप्रूफ प्लॅस्टिक घेऊ नका, त्याखाली घाम साचतो.

चादर झटकायची सवय सोडाच. झटकल्यावर ती धूळ काही वेळ हवेत तरंगत राहते. ज्यांना त्रास आहे त्यांनी त्या वेळी खोलीत थांबू नये.

रंधा
वरून कितीही वाळवा, सलग प्लाय असेल तर खालची बाजू ओलीच राहणार. ओल उबेकडून गारव्याकडे सरकते आणि गादीच्या तळाशी प्लायला अडते. एसीच्या खोलीत हे जास्त होतं. खात्री करायची असेल तर साधा डिजिटल आर्द्रतामापक गादी आणि प्लायच्या मध्ये रात्री ठेवा, सकाळी खोलीतल्या आकड्याशी ताडून पाहा. आत दहा-पंधरा टक्के जास्त दिसले तर दोष पलंगाचा आहे.

उपाय: प्लायला 25 मिमीची भोकं, दर 15 सेंमीवर, कडेपासून 10 सेंमी आणि खालच्या आडव्या पट्ट्या सोडून. कडा पॉलिश पेपरनं घासून घ्या, नाहीतर खोळ फाटते. पण कप्पा खच्चून भरलेला असेल तर भोकांनी काही होत नाही, वर चार बोटं जागा मोकळी हवी. त्यापेक्षा चांगलं म्हणजे प्लाय काढून 7-8 सेंमी रुंद लाकडी पट्ट्या, मध्ये 4-5 सेंमी फट. फोमच्या गादीला फट याहून मोठी ठेवू नका, ती तिथे खचते. पलंग भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

माजघर
एवढं कशाला? दर पंधरवड्याला गादी गच्चीवर उन्हाला टाका, कीटक, वास, सगळं जातं.

तलम
वास जातो, कीटक सगळे जात नाहीत. वरचा थर तापतो आणि ते आत सरकतात. तरी ऊन उत्तमच, फक्त नीट द्या: 11 ते 3, दर दीड तासानं पालटून, खाली बाज किंवा विटा म्हणजे तळालाही हवा लागते. चारच्या आत घरात आणा, ऊन उतरलं की हवेतली आर्द्रता वाढते आणि तापलेला कोरडा कापूस ती लगेच ओढतो. फोम आणि लेटेक्स मात्र उन्हात टाकू नका, पिवळे पडून भुगा होतो. त्यांना सावली आणि पंखा.

ओसरी
गादी उचलून पाहिली. प्लायवर काळे ठिपके आहेत, गादीच्या खोळीवरही दोन ठिकाणी.

रंधा
मास्क लावा. कोरडं खरडू नका, बीजाणू उडतात. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसा, फडकं टाकून द्या, मग दोन दिवस पंखा. ब्लीच कच्च्या प्लायमध्ये खोल जात नाही, वर ओल मात्र वाढवतो. ठिपके परत आले तर ती शीट बदला.

तलम
खोळ उसवून आतला कापूस बघा. डाग खोळीपुरताच असेल तर खोळ नवी घाला आणि कापूस ऊन दाखवून पिंजून घ्या. डाग कापसात उतरला असेल तर तेवढा कापूस काढून टाका. पिंजल्यानं बुरशी जात नाही, सगळ्या गादीत पसरते.