वर्षापेक्षा बाटलीची मान बघा

कुणीतरी विचारलंय की दुकानातली दहा वर्षं जुनी वाइन प्यायल्यावर विषबाधा होईल का. तशी होत नाही. १२-१४ टक्के अल्कोहोल आणि भरपूर आम्ल, त्यात रोगजंतू तग धरत नाहीत. धोका पोटाला कमी, खिशाला जास्त. पण "रेड जितकी जुनी तितकी भारी" असं जे म्हणतात, ते मात्र अजिबात पटलं नाही. बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत संपवायच्याच असतात, नाशिकच्या शेनिन ब्लांसारख्या पांढऱ्या तर त्याहून लवकर.

पुण्यातल्या एका दुकानात मी २०१२ची रेड स्वस्तात मिळाली म्हणून उचलली होती. सगळ्यात वरच्या फळीवर, ट्यूबलाइटला खेटून, उभी. घरी आल्यावर दिसलं: बूच काचेच्या वर किंचित उचललेलं, टोपणाखाली चिकट ओघळ, आणि वाइन मानेतून उतरून पार खांद्याच्या खाली. म्हणजे उन्हाळ्यात तापून फुगली, बुचाच्या कडेने झिरपली आणि हवा आत गेली. ग्लासात विटकरी रंग, वास शिजवलेल्या मनुकांचा. शेवटी मटणाच्या रश्श्यात ओतली, तिथेही काही खास नाही! आता बाटली उजेडासमोर धरून पातळी बघितल्याशिवाय पैसे काढत नाही. फिरकीच्या झाकणाला मात्र ही युक्ती फारशी चालत नाही, तिथे दुकानात एसी रात्री चालू असतो का एवढंच विचारायचं.