न्यू डीलच्या काळातल्या ‘रिलीफ’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
१९३० च्या दशकातल्या अमेरिकेवरचं एक प्रकरण मराठीत आणतेय. महामंदीचा काळ, आणि त्यातून सावरायला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आणलेल्या ‘न्यू डील’ या सरकारी योजना. ‘रिलीफ’, म्हणजे बेकारांना सरकारकडून मिळणारा आधार, या शब्दापाशी गाडी अडलीय. ‘दिलासा’ लिहिलं तर मनाला बरं वाटणं एवढाच अर्थ उरतो. ‘मदतकार्य’ म्हटलं की पूर आणि भूकंप डोळ्यांपुढे येतात. पुढे ‘रिलीफवर असलेली कुटुंबं’, ‘वर्क रिलीफ’ आणि ‘डोल’ हेही आहेत. काय करावं?

प्रतिसाद
‘रोजगार हमी’ लिहा, वाचकाला लगेच कळेल.

प्रतिसाद
‘रोजगार हमी’ नको. त्या शब्दातलं वजन ‘हमी’वर आहे. आपल्याकडे महाराष्ट्रात ‘मागेल त्याला काम’ हा कायदा १९७७ मध्ये झाला आणि १९७९ पासून लागू झाला, म्हणजे काम मागणं हा हक्क झाला. रूझवेल्टच्या अमेरिकेत असा हक्क कुणालाच नव्हता. १९३५ मध्ये सुरू झालेल्या डब्ल्यूपीए या बेकारांना काम देणाऱ्या सरकारी खात्याने आठ वर्षांत सुमारे ८५ लाख लोकांना काम दिलं, तरी एका वेळी कितीतरी बेकार बाहेरच राहायचे. साधारणपणे एका घरातून एकालाच काम मिळे, आणि आधी ते घर गरजू असल्याचा दाखला लागे.

माझ्या मते इथे एका शब्दाने भागणार नाही, कारण मुळातच दोन गोष्टी आहेत. १९३३ मध्ये जवळपास दर चार कामकऱ्यांमागे एक बेकार होता. त्या वर्षी केंद्राचा पैसा राज्यांकडून घरोघरी जाऊ लागला, तो बऱ्याच ठिकाणी रोख नव्हता. दुकानात दाखवायची चिठ्ठी मिळे आणि त्यावर ठरलेला किराणा. चिठ्ठीआधी तपासनीस घरी येऊन मिळकत आणि शिल्लक विचारून जाई. याला ‘सरकारी मदत’ म्हणा आणि ‘रिलीफवर असलेली कुटुंबं’ला ‘सरकारी मदतीवर जगणारी कुटुंबं’. त्या ‘वर जगणारी’त जो सल आहे, तो मूळ शब्दातही आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे वर्क रिलीफ, म्हणजे मदतीऐवजी काम आणि मजुरी. रूझवेल्टच्या सरकारात रिलीफची सूत्रं ज्यांच्याकडे होती त्या हॅरी हॉपकिन्स यांचं म्हणणं असं, की नुसती मदत दिली तर माणसाचं शरीर वाचतं पण उभारी मरते. काम आणि मजुरी दिली तर दोन्ही वाचतात. १९३३-३४ च्या हिवाळ्यात त्यांनी काही महिन्यांतच ४० लाखांहून अधिक माणसं रस्ते, शाळा, गटारं अशा कामांवर लावली. त्यातल्या निम्म्या लोकांना घरची झडती द्यावी लागली नाही. यासाठी मी ‘दुष्काळी काम’चा धागा धरेन. माझी आजी बाहत्तरच्या दुष्काळात नालाबंडिंगवर जायची. मुकादम हजेरी मांडायचा, खड्ड्याचं माप झालं की मजुरी ठरायची. ‘सरकारनं मदत केली’ असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. ती म्हणायची, ‘बाहत्तरला मी कामावर हुते.’ म्हणून ‘सरकारी कामावर असणं’ किंवा ‘मंदीतली सरकारी कामं’. फक्त ‘दुष्काळी’ हा शब्द मात्र घेऊ नका. तिकडे धान्य भरपूर होतं, भाव पडले होते आणि विकत घ्यायला लोकांच्या हातात पैसा नव्हता.

प्रश्नकर्ती
हे पटलं. आणि ‘डोल’?

प्रतिसाद
कोण बोलतंय ते बघा. ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धानंतर बेकारांना दर आठवड्याला जे पैसे मिळू लागले त्याला लोक डोल म्हणत. तिथे ‘बेकारी भत्ता’ चपखल बसतो. रूझवेल्ट जानेवारी १९३५ च्या भाषणात डोलला माणसाचं मन पोखरणारी नशा म्हणतात, तिथे ‘खैरात’च हवं. तिथे ‘भत्ता’ लिहिलात तर वाक्यातला संताप निघून जाईल.

प्रतिसाद
याच सुमारास ‘बूनडॉगल’ही चलनात आला. १९३५ मध्ये न्यूयॉर्क शहरात रिलीफच्या खर्चाची चौकशी चालू होती. एका हस्तकला शिक्षकाने साक्षीत सांगितलं, की आपण बूनडॉगल शिकवतो, म्हणजे कातड्याच्या वगैरे विणलेल्या छोट्या वस्तू. विरोधकांनी तो शब्द उचलला आणि साऱ्या सरकारी कामांवर चिकटवला. मराठीत मी ‘बिनकामाचं काम’ लिहीन.

प्रतिसाद
चालेल, पण पहिल्यांदा येईल तिथे तो कातड्याचा गोफ तेवढा सांगा. त्या शिक्षकाला काम हवं होतं आणि तो ते करत होता. आणि सीसीसीच्या, म्हणजे बेकार तरुणांना जंगलकामाला लावणाऱ्या सरकारी योजनेतल्या, तरुणांबद्दल लिहाल तेव्हा हा आकडा गाळू नका: महिन्याला ३० डॉलर पगार, त्यातले साधारण २५ थेट घरी जायचे. त्याला ‘मदत’ म्हणू नका. आपल्याकडे त्याला ‘मनिऑर्डर’ म्हणतात.

प्रश्नकर्ती
‘पोरगा घरी पैसे धाडतो’ असं लिहिलंय. प्रकरणाचा मसुदा रविवारी इथेच टाकते.