गवत कापून गाठी बांधून देणाऱ्याला किती द्यावं?

रानवारा:
माझं अडीच एकर गवताचं रान आहे. दोन गायी आणि एक कालवड, त्यामुळे निघेल ते सगळं घरीच लागतं. ट्रॅक्टर माझ्याकडे नाही. दोन वर्षं शेजारचे काका त्यांचं यंत्र घेऊन येतात, गवत कापतात, उलथतात, ओळी लावतात आणि गाठी बांधून देतात. पैशांचं विचारलं की म्हणतात, "डिझेल भर, बास." मी डिझेल भरते, सुतळीही आणते. पण यंदा बेलरचा, म्हणजे गाठी बांधायच्या यंत्राचा, नॉटर (सुतळीची गाठ मारणारा भाग) बिघडला. दुसऱ्या दिवशी पाऊस येणार होता, म्हणून काका रात्री साडेदहापर्यंत बॅटरीच्या उजेडात तो खोलून बसले होते. १४० गाठी निघाल्या. तेव्हापासून नुसतं डिझेल देणं मला टोचतंय. गाठीमागे द्यावं, तासावर द्यावं, की गवतातच वाटा द्यावा? आणि त्यांना वाईट वाटायला नको.

बांधकरी:
अर्धेली करा. निम्म्या गाठी त्यांच्या, निम्म्या तुमच्या. पैशांचा विषयच निघत नाही.

जुना बेलर:
ताई, अर्धेली तुम्हाला परवडणार नाही. सगळं गवत घरी लागतं म्हणताय, मग निम्मं देऊन तेवढंच विकत आणावं लागेल. शिवाय एक टन वाळलेल्या गवताबरोबर रानातून साधारण २० किलो नत्र आणि त्याहून थोडं जास्तच पालाश जातं. खत तुम्ही एकटीने घालायचं आणि गवत दोघांनी न्यायचं, हा हिशेब बसत नाही.

मी १६ वर्षं लोकांच्या रानात गाठी बांधल्या, म्हणून सांगतो. डिझेल हा त्यातला लहान खर्च. पाती झिजतात, ओळी लावायच्या रेकचे दात तुटतात, बेअरिंग जातात, नॉटरचं तर तुम्ही पाहिलंच. आणि काका एकदाच येत नाहीत. कापायला, उलथायला, ओळी लावायला आणि गाठी बांधायला अशा चार खेपा होतात. रान अडीच एकर असो की दहा, खेपा तेवढ्याच. लहान रानाचा दर एकरी जास्त पडतो तो यामुळे, त्यात लुबाडणूक नसते.

गाठीमागे द्यायचं असेल तर आधी गाठीचं वजन ठरवा. मी नवीन ड्रायव्हर होतो तेव्हा मालकाने मला दाबाचा स्क्रू सैल करायला सांगितला. २० किलोची गाठ १४ किलोची झाली. जिथे शंभरेक गाठी व्हायच्या तिथे १४० झाल्या, गवत मात्र तेच दोन टन. रानाची मालकीण गाठी मोजून खूश झाली आणि तिने पैसे दिले. मी गप्प राहिलो. ते आजही मनातून जात नाही. तुमचे काका असं करणार नाहीत, पण दहा गाठी काट्यावर घालून सरासरी काढा. त्यांचाही हिशेब सरळ राहतो.

तासावर नको. यंत्र बंद पडलं तर तो वेळ कोणाचा, यावर चांगली माणसं भांडलेली मी पाहिली आहेत.

मी असं करीन: कापणीचे वेगळे आणि गाठींचे वेगळे ठरवीन. कापून ठेवलेलं गवत पावसात भिजलं तरी कापायची मेहनत झालेली असते, तिचे पैसे द्यायचेच. जवळपासच्या दोन-तीन यंत्रवाल्यांचा दर विचारा आणि तेवढंच गवत विकत घ्यायला काय पडलं असतं तेही बघा. योग्य रक्कम त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी सापडेल.

गाठी कधी बांधायच्या हे मात्र पैशांच्या घाईने ठरू देऊ नका. ओलावा २० टक्क्यांच्या वर असताना बांधलं तर गाठ आतून तापते, बुरशी धरते, आणि फार ओलं असेल तर गंजी पेटतेसुद्धा. बरणीत मूठभर गवताचे तुकडे आणि चमचाभर कोरडं मीठ घालून हलवा. मिठाचे गोळे झाले तर एक दिवस थांबा.

रानवारा:
दहा गाठी मोजल्या. सरासरी १८ किलो, म्हणजे अडीच टन गवत. बाजारातून एवढं आणायचं म्हटलं तर मला जमलंच नसतं.

काकांशी बोलले. पैसे म्हटल्यावर आधी ते गप्पच झाले. मग म्हटलं, "काका, पुढच्या वर्षीही तुम्हीच यावं म्हणून आत्ताच ठरवतेय. नाहीतर मला हाक मारायला संकोच वाटेल." तेव्हा बसले. कापणीचा एक आकडा आणि १८ किलोच्या गाठीमागे एक आकडा ठरला. डिझेल त्यातच, सुतळी माझी. कापणीआधी रानातले दगड आणि तारेचे तुकडे मी वेचून ठेवायचे, ही अट काकांची.

एकच राहिलं. नॉटरचा जो भाग त्या रात्री बदलला, त्याचे पैसे यात धरायचे का?

जुना बेलर:
तुमच्या रानातल्या दगडाने किंवा तारेने तुटला असेल तर पूर्ण तुमचे. झिजून गेला असेल तर ठरलेल्या दरातच आला. पण हा दर आत्ता ठरलाय आणि भाग त्याआधीच गेला. यंदाचा तुम्ही द्या.

रानवारा:
झिजूनच गेला होता. देते. संध्याकाळी जाऊन येते.